करवंटीचं बटण

दर चैत्रात आमच्या गावच्या उत्सवात नाटक होतं, आणि त्या नाटकात माझ्या बाबांचा कोट स्टेजवर यायचा. कोट बाबांचा, आत माणूस दुसरा. लोक शिट्ट्या मारायचे. मी बायकांच्या रांगेत आईच्या शेजारी बसून दात आवळून बघायची. माणसं सांगतात, राग सोडून द्यावा, मन हलकं होतं. मी तो सोडला नाही. लोणच्यासारखा मुरवला. आणि ही हकिगत मी काही पश्चात्ताप होऊन सांगत नाहीये.

बाबा मालवाहू बोटीवर खलाशी होते. कुठल्याशा थंड बंदरात पहिल्यांदा उतरले तेव्हा अंगात सुती सदरा आणि वर पातळ स्वेटर. कुडकुडत समोर दिसेल त्या दुकानात शिरले आणि लोकरीचा ओव्हरकोट घेऊनच बाहेर पडले. काळसर राखाडी, गुडघ्याच्या खाली येणारा, रुंद कॉलरचा, आत गुळगुळीत अस्तर. खांद्यावर असा बसायचा की बाबांसारखा किरकोळ माणूसही कुणीतरी वाटायचा. बोटीवर असताना तो कामाचा होताच, पण बाबांची खरी हौस होती ती सुट्टीत गावी घालायची.

आमच्या किनाऱ्यावर लोकरीचा कोट म्हणजे वेडेपणाच. इथली हवा अशी की धुतलेला सदरा दुपारपर्यंत पुन्हा पिळून घ्यावा. पण पौष-माघात पहाटे जरा गारवा असतो, तेवढा बाबांना पुरायचा. खाली पांढरी पँट, पायात चपला, वर ओव्हरकोट आणि हातात मासळीची पिशवी, अशा थाटात ते भाट्याच्या पुलावरून चालत बाजारात जायचे. मी बरोबर. वाटेत माणसं विचारायची, "काय साहेब, आज बरफ पडणार हाय काय?"

"पडंल तर पडंल," बाबा म्हणायचे, "मी तयार हाय."

आई हसायची. म्हणायची, एवढा भारी कोट, लग्नाकार्याला तरी ठेवा. बाबा ऐकायचे नाहीत. चांगला कपडा रोज घालायचा असतो, असं त्यांचं मत. पेटीत ठेवून कसरीला खायला घालण्यापेक्षा आपण झिजवलेला बरा. त्यांनी तो बांगड्यांच्या वासात झिजवला, बाजारात झिजवला, माझ्या शाळेच्या गॅदरिंगला झिजवला. मला एकदा ताप आला तेव्हा रात्रभर माझ्या अंगावर तोच होता.

त्याचं वरून दुसरं बटण बोटीवर तुटून समुद्रात पडलं होतं. घरून नेलेल्या नारळाची करवंटी घासून बाबांनी नवं बटण केलं. गोल करायला गेले आणि ते अंड्यासारखं लांबट झालं. त्याला दोन भोकं पाडली, तेल लावून चमकवलं आणि स्वतःच शिवलं. बाकीची बटणं परदेशी, काळी, चकचकीत. मध्ये हे एक आमच्या परसातलं. आईने त्यावरून त्यांची खूप टिंगल केली. पण सुट्टी संपून बाबा निघाले की कोटाची बटणं तीच लावून द्यायची आणि त्या बटणावर तिची बोटं जरा जास्त वेळ थांबायची.

मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, कायम गावातच. देवळाचे मानकरी. उंचेपुरे, देखणे, आवाज असा की ओटीवरून हाक मारली तर खाडीपलीकडे कळावं. उत्सवातल्या नाटकात नायक किंवा खलनायक, मधलं काही त्यांना चालायचंच नाही. बाबा बोटीवर असले की आमची लावणी, कापणी तेच उरकून द्यायचे, हे मी नाकारत नाही. त्याची आठवणही तेच करून द्यायचे, येता-जाता. बाबा सुट्टीवर आले की काका यायचे, कोटाची बाही चिमटीत धरायचे आणि तांदूळ पारखावा तशी बोटं चोळायचे. "कापड बाकी अस्सल हां," म्हणायचे. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. आई मात्र लगेच चहा टाकायच्या निमित्ताने आत जायची.

मी आठवीत असताना बाबा आजारी होऊन कायमचे घरी आले आणि त्या श्रावणात गेले.

आमच्याकडे बाराव्याला गेलेल्या माणसाच्या वस्तू दान करतात. छत्री, चपला, अंथरूण, अंगावरचे कपडे, सगळं गाठोड्यात बांधून गावाबाहेरच्या एखाद्या गरजूला द्यायचं. दोन गोष्टी पाळायच्या. एक, दान केलेली वस्तू पुन्हा त्या घरात येता कामा नये. दुसरी, गाठोडं घेऊन निघालेल्या माणसाने गावची वेस ओलांडेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर गेलेला माणूस त्याच्या मागोमाग चालू लागतो.

आमच्या घरात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. आई आणि काका जन्मात एकमेकांशी थेट बोलले नव्हते. मध्ये कुणीतरी लागायचं, आणि बाबा गेल्यावर ते कुणीतरी म्हणजे मी. काका अंगणात उभे राहून मला म्हणाले, "आईला सांग गो, काय ठेवायचं नाय. कोटसुदीक. डोंगरापलीकडच्या वाडीत एक म्हातारा हाय, एकटाच ऱ्हातो बिचारा. मी नेऊन देतो त्याला."

मी आईला सांगितलं. ती विळीजवळ बसली, कोट मांडीवर घेतला, करवंटीचं बटण ओढून धरलं आणि त्याचा दोरा पात्यावर घासला. बटण सुटून तिच्या मुठीत आलं. ते तिने कुंकवाच्या करंड्यात टाकलं. करंडा तेव्हा नुकताच रिकामा झाला होता. मग कोट नीट घडी घालून गाठोड्यात ठेवला. मला वाटलं, बाबांच्या हातचं काहीतरी तिला मागे ठेवायचं असेल. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

काका गाठोडं डोक्यावर घेऊन निघाले. मी अंगणाच्या दगडी गडग्याजवळ उभी राहून बघत होते. माडांच्या आगराच्या वळणापर्यंत त्यांनी एकदाही मान वळवली नाही. नट माणूस, पाळायचं ते चोख पाळलं.

पुढच्या चैत्रात नाटकात काका साहेबाच्या भूमिकेत होते. पडदा वर गेला आणि स्टेजवर माझे बाबा उभे. क्षणभर खरंच तसं वाटलं मला. तीच राखाडी लोकर, तीच कॉलर. मग साहेब वळला आणि काकांचा चेहरा दिसला. वरून दुसऱ्या बटणाच्या जागी सेफ्टी पिन होती.

मी ताडकन उठले. आईने माझं मनगट असं पकडलं की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता. "खाली बस," ती म्हणाली. "आई, तो बाबांचा—" "दिसतंय मला. बस."

बसले. अख्खं नाटक बसून बघितलं. लोकांनी साहेबाला डोक्यावर घेतलं.

पुढच्या वर्षी पिनेच्या जागी काळं बटण आलं. नंतर नाटक कुठलंही असो, त्यात साहेब घुसवला जाऊ लागला, कारण काकांकडे साहेबाचा कोट होता. कुणी विचारलं की सांगायचे, मुंबईला एका पारशाकडून घेतला, जुन्या माणसांकडे माल काय असायचा! मी समोर असले तरी सांगायचे. मान हलवणाऱ्यांत बाबांना त्याच कोटात बाजारात बघितलेली माणसंही असायची. विसरली म्हणा, किंवा मानकऱ्याशी वाकडं कोण घेणार. बाबांचा कोट गेला याचं मला वाईट वाटायचंच. पण आता बाबांचं तो अंगावर घालणंही गेलं होतं. पुलावरून डौलात चालणारा तो हडकुळा माणूस कधी झालाच नाही, असा गाव वागत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची ती त्याने.

आईला मी कितीदा म्हटलं, चल, तोंडावर विचारू. ती कैऱ्या चिरत राहायची, तांदूळ निवडत राहायची. मी तिला भित्री म्हणाले. तिने तेही ऐकून घेतलं.

मी शिकले, रत्नागिरीत नोकरीला लागले, तिथेच घर केलं. गाव पुलापलीकडेच, त्यामुळे उत्सव कधी चुकवला नाही. लोकांना वाटायचं, पोरीची देवावर श्रद्धा आहे.

मग अलीकडेच काकांचा फोन आला. या वर्षी ते शेवटचा साहेब करणार होते. गुडघे ऐकत नव्हते आता. नाटक झालं की कोट मंडळाला देणार. मंडळाने आपल्या खोलीत काचेचं कपाट करून घेतलं होतं. त्यात कोट टांगायचा आणि खाली पितळी पाटीवर काकांचं नाव. "तुझ्याकडं देतो पाठवून," ते म्हणाले. "तिकडं चांगली लाँड्री असंल ना गो? एकदम कोरा दिसला पायजे."

चोराने स्वतःच्या हाताने चोरीचा माल माझ्या दारात पाठवला. इतका निर्धास्त होता तो माणूस! मी काय, भावाची पोरगी, विसरली असेल.

कोट आला त्या दिवशी मी दार लावून घेतलं आणि त्यात तोंड खुपसलं. बाबांचा वास येईल असं कुठेतरी वाटत होतं. आला तो चेहऱ्याला लावायच्या रंगाचा, तंबाखूचा आणि काकांच्या घामाचा. बाबांचा वाससुद्धा खाल्ला होता त्याने. मी तशीच उठले आणि बंबात पाणी तापत ठेवलं. लोकर कढत पाण्यात घालून धोपटली की आटते, एवढं मला माहीत होतं. तान्ह्या पोराला होईल एवढा करून पाठवायचा. घाल म्हणावं आता, हो साहेब. पाणी उकळायला लागलं, मी कोट उचलला, आणि कॉलरच्या आत बाबांनी घातलेला टाका हाताला लागला. जाड, वेडावाकडा, शीड शिवावं तसा. बंब विझवला. काकांना आटवायला बाबांना उकळायचं हे मला जमेना. पण त्या गरम पाण्याच्या वाफेत दुसरं सुचलं, जास्त चांगलं.

मी गावी जाऊन आईकडे बटण मागितलं. कशाला, असं तिने विचारलं नाही. करंडा उघडला, बटण माझ्या तळहातावर ठेवलं. एवढंच म्हणाली, "दोरा काळाच घे. पटकन नजरेत येता नये."

मी कोट धुवायला दिला, आणला, काळं बटण काढून तिथे करवंटीचं शिवलं आणि पाठवून दिला.

दुसरं काम गुरवांकडे होतं. आमच्याकडे नाटक सुरू होण्याआधी स्टेजवर नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. देवळाची पूजा बघणारे म्हातारे गुरव ते घालतात, रंगलेले नट हात जोडून मागे उभे असतात, आणि गुरवांच्या प्रत्येक वाक्याला अख्खा गाव "होय म्हाराजा" म्हणतो. त्यात कुणालाही आपलं मागणं घालता येतं. कुणाचं दुखणं असतं, कुणाचा वाटणीचा तंटा. नाव घ्यायचं नसतं, देवाला कळतं. मी नारळ घेऊन गेले आणि माझं मागणं सांगितलं. गुरवांनी ते दोनदा म्हणून घेतलं. मग म्हणाले, "उशीर केलास गो."

हल्ली भोंग्याचे नियम कडक, म्हणून नाटक दिवेलागणीलाच सुरू होतं. मांडव भरला होता, मुंबईची मंडळी आली होती. हवा हलत नव्हती. आईला मी ओढून पहिल्या रांगेत बसवलं. स्टेजवर नट ओळीने उभे, मध्ये काका, मंडळाच्या पोरांनी घाईत गळ्यापर्यंत बटणं लावून दिलेला कोट घालून. आता ते म्हातारे दिसत होते. घाम रंगातून ओघळत होता. मला कीव यायला हवी होती बहुतेक. आली नाही.

गुरवांनी नारळ ठेवला. "बा म्हाराजा, आज तुज्या अंगणात ही लेकरं खेळ करतायत."

"होय म्हाराजा!"

"काय चुकलंमाकलं असंल तर पोटात घाल."

"होय म्हाराजा!"

कुणाचा ताप, कुणाच्या मुलीचं लग्न, सगळं झालं. मग गुरव थांबले, एकदा घसा साफ केला. "आनि म्हाराजा, कुनी मेलेल्या मानसाचं दान वाटंत अडवून आपल्या पेटीत घातलं असंल…"

"होय म्हाराजा!" लोक सवयीने म्हणाले, आणि मग मांडवात खसफस सुरू झाली.

"आनि आपलं म्हनून अंगावर मिरवलं असंल, तर त्या दानाचा भार त्याच्या खांद्याला पेलू देऊ नको."

या वेळी आवाज वेगळा होता. मागच्या बाकांवर बोटीवरून निवृत्त होऊन आलेले म्हातारे बसले होते, बाबांच्या बरोबरीचे. त्यांचा "होय म्हाराजा" सगळ्यांच्या वर गेला. काकांचे ओठही हलले. मानकरी ना, न म्हणून चालतंय कुठे. जोडलेले हात छातीशी होते, त्यातला अंगठा बटणावर टेकला आणि तिथेच अडकला. त्यांनी मान खाली घातली. करवंटीचं लांबट बटण बघितलं. मग वर बघितलं, माझ्याकडे नाही, आईकडे. आईने पदर सारखा केला आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून बघत राहिली.

नाटक झालं. साहेब दुसऱ्या अंकात नुसत्या सदऱ्यावर आला आणि दोनदा वाक्य विसरला. कुणी शिट्टी मारली नाही. मला इतकं बरं वाटत होतं की सांगायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या अंगणात आले. हातावर कोट, घडी घातलेला. आई ओटीवर विळीशी आंबोशीच्या कैऱ्या चिरत होती. मी दारात. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "आईला सांग गो… तुमचं तुमच्याकडं असू दे. माजी चूक झाली."

मी धावतच पुढे झाले आणि कोट हातात घेतला. केवढा जड होता! ठरवूनसुद्धा टाकलं होतं मी, पौषात हाच घालून भाट्याच्या पुलावरून बाजारात जायचं, हातात मासळीची पिशवी, लोक हसले तर हसले. तेवढ्यात आई म्हणाली, "हिकडं आण."

तिने कोट मांडीवर घेतला, करवंटीचं बटण ओढलं आणि दोरा पात्यावर घासला. बटण मुठीत धरलं. कोट परत माझ्या हातात दिला आणि मान वर न करता म्हणाली, "सांग त्यांना, दान दिलेली वस्तू ह्या घरात परत यायची नाय. बटण तेवढं माजं. ते दानात नव्हतं."

"आई!" मी म्हणाले.

"सांग त्यांना. ज्याला द्यायची होती त्याला नेऊन द्या."

काका कसनुसे होऊन म्हणाले, "तो म्हातारा मेला कधीच."

"सांग, त्याचा मुलगा हाय आता तिथं. चालत जा म्हणावं, तेव्हा जाणार होतात तसं."

माझा जीव कोटात अडकला होता. द्यायला हात उठेना. आईने माझ्याकडे बघितलं फक्त. मी कोट काकांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खांद्यावर टाकला आणि चैत्राच्या उन्हात गुडघे सांभाळत निघाले. मंडळाचं काचेचं कपाट त्यानंतर रिकामंच राहिलं.

मी आईवर चिडले. म्हणाले, इतकी वर्षं मी ह्याचसाठी जीव आटवला, आणि हातात आलेला तू घालवलास. बाबांची आठवण म्हणून बटण ठेवलंस तेव्हा मला वाटलं होतं, तुलाही तो हवा असेल.

"आठवण?" आई म्हणाली. "आठवणीला मला बटण कशाला लागतंय. वळख पटावी म्हणून कापलं होतं मी. तो स्वतःहून पोचवतो म्हणाला तेव्हाच मला कळलं, हा पोचवायचा नाय. तेव्हा बोलल्ये असते तर विधवा बाई, कोण ऐकणार? त्याचा गाव, त्याचा आवाज. म्हटलं, म्हातारा होऊ दे."

हिला मी भित्री म्हणाले होते.

तिने करंडा उघडला, बटण आत ठेवलं आणि पुन्हा विळीवर बसली. "बघ गो," कैरी उचलत म्हणाली, "वळून बघतो काय."

मी गडग्याशी गेले. काका आगराच्या वळणावर थांबले होते. कोट या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि मान वळवून आमच्या घराकडे बघितलं. चांगला वेळ बघितलं.

"बघितलंन," मी ओरडून सांगितलं.

"बरं झालं," आई म्हणाली. "आता हे जातील त्याच्या मागनं."